सुरमईचे उड्डाण

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. रत्नागिरीत एका घराच्या मधल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून मी उभा आहे. माझ्या पत्र्याला एका कोपऱ्यात गंज चढला आहे. इथली खारी हवा लोखंडाला सोडत नाही, मग माझी काय कथा! बटण दाबले की माझा पंखा आधी जरा खाकरतो आणि मग फिरू लागतो.

माझ्या जातीचे बहुतेक जण कार्यालयात दाखले छापतात, दुकानात पावत्या करतात. माझ्या वाट्याला विमाने आली. तीही साधी नव्हेत. धावपट्टीवरून उडायचे, हवेचा थर ओलांडायचा, पृथ्वीभोवती फिरायचे आणि परत येऊन त्याच धावपट्टीवर उतरायचे, अशी अवकाश-विमाने. अर्थात ती खरी नव्हती, एका खेळातली होती. पण त्या खेळातले वजन, वारा, वेग आणि उष्णता खऱ्यासारखीच वागत. तिथे कुणाचा वशिला चालत नसे.

माझा जन्म याच घरातला. सलिल नावाचा या घरातला मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. एकदा सुट्टीवर येताना त्याने मुंबईहून वेगवेगळ्या खोक्यांत माझे भाग आणले. जमिनीवर चटई टाकून, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याने मला जोडले. त्याची आई आनंदीबाई दारात उभी राहून बघत होती.

"हे असं उघडंच राहणार, की याला झाकणबिकण आहे?" तिने विचारले.

"आहे गं आई. शेवटी लावायचं."

"मग लाव हो नीट. पाली फार झाल्यात."

सलिलने तो खेळ माझ्यावर घातला आणि आपल्या बायकोला, मनस्विनीला, शिकवला. सुट्टी संपली तेव्हा तो जहाजावर गेला. खेळ तिच्याकडे राहिला.

मनस्विनी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. संध्याकाळी घरी आली की चहा घेऊन ती माझ्यासमोर बसे. पडद्यावर एक मोठी रिकामी शेड दिसे. त्या शेडमध्ये ती टाक्या, पंख, चाके, इंजिने एकेक करून जोडी. तिचे पहिले विमान जमिनीवरून उठलेच नाही. मागची चाके फार मागे लावली होती, त्यामुळे नाक वर येईना. ते तसेच धावत जाऊन समुद्रात पडले. पुढचे उठले, पण वर गेल्यावर मागे कोलमडले. तेल संपत गेले तसा त्याचा भार शेपटीकडे सरकला होता. विमानाचा भार पुढे हवा आणि पंखांची उचल त्याच्या किंचित मागे, हे तिला पुस्तकातून ठाऊक होते. माझ्यासमोर बसून तिने ते पुन्हा शिकून घेतले. चुकले की ती हळहळत नसे. चाके पुढे सरकवायची आणि पुन्हा उडवायचे.

आनंदीबाईला हे सगळे विचित्र वाटे. ती सत्तरीला टेकलेली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिने नोकरी केली होती. तिचा आवाज स्वच्छ होता. आकडे तर ती असे उच्चारी, की ऐकणाऱ्याने पुन्हा विचारायला नको.

"कॉलेजात शिकवतेस, आणि घरी येऊन विमानं पाडतेस," ती एकदा म्हणाली.

तोवर या दोघींचे बोलणे दूध, भाजी आणि सलिलचा फोन एवढ्यापुरतेच असे. त्यांच्यात भांडण नव्हते, पण बोलण्यासारखे काही सापडतही नव्हते. त्या दिवशी मनस्विनी मागे वळून म्हणाली, "आई, तुम्ही बसता का इथे? मला नाक किती वर आहे ते बघावं लागतं. वरची उंची आणि खालच्या कोपऱ्यातलं तेल बघायला डोळे पुरत नाहीत. तुम्ही नुसते आकडे सांगा."

आनंदीबाईने खुर्ची ओढली. "सांगते. त्यात काय."

आणि मित्रांनो, माझे चांगले दिवस सुरू झाले. मनस्विनीचे हात चालत आणि आनंदीबाईचा आवाज. "उंची नऊ हजार. वेग चारशे. तेल पाऊण टाकी." जणू कुणाला ट्रंक कॉल जोडून देत आहे अशा शांतपणे ती सांगे. विमानांना नावे देण्याचे कामही तिनेच घेतले. रुंद, चपटे विमान पाहून ती म्हणाली, "हा तर हलवा दिसतो." हलवा नावाचा मासा तसाच असतो. त्याचे नाव हलवाच पडले. हलव्याला इंजिने भरपूर, पण पंख अंगाबाहेर इतके, की हवाच त्याला अडवून धरी. मग मनस्विनीने लांब, निमुळते, मागे पंख असलेले नवे विमान केले. ती सुरमई.

जहाजावरून सलिलचा व्हिडिओ कॉल आला, की दोघी आधी सुरमईची हकिगत सांगत आणि मग त्याची चौकशी करत. एकदा तो हसत म्हणाला, "मी जिवंत आहे, हे कुणी विचारतं का?"

आनंदीबाई म्हणाली, "दिसतोयस की."

सुरमई अजून कक्षेत मात्र पोहोचली नव्हती. कक्षेत जाणे म्हणजे नुसते उंच जाणे नव्हे. आडवा वेग इतका मिळवायचा, की पडता पडताही जमीन गाठता येऊ नये. खाली हवा असते तोवर सुरमईची दोन इंजिने हवा ओढून चालत. वर हवा विरळ झाली, की ती गुदमरू लागत. नेमके तेव्हा रॉकेट इंजिन पेटवायचे. आधी पेटवले तर तेल वाया जाते आणि उशीर झाला तर वेग. त्यातच तेल किती उरले यावर नाक किती उचलायचे ते ठरते. म्हणून आनंदीबाईचा आकडा महत्त्वाचा.

पावसाळा संपला, हवा कोरडी झाली, आणि तिचे आकडे चुकू लागले.

हे पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आले नाही. माझे काम पडद्यावर उजेड पाठवण्याचे. समोरच्या डोळ्यात त्यातला किती पोहोचला, हे मला कळत नाही. एवढेच दिसे, की खालच्या कोपऱ्यातले तेल बघायला ती आता नुसती नजर न वळवता सगळी मान वळवी. तिथले शोधून पुन्हा वर उंचीकडे येईपर्यंत आकडे पुढे गेलेले असत. मग ती अंदाजाने सांगे. तिचा अंदाज चांगला होता, म्हणून बरेच दिवस निभले.

एका रविवारी दुपारी सुरमई कधी नव्हे इतकी छान चढली. इंजिने वेळेवर बदलली. निळे आकाश काळे झाले.

"तेल?" मनस्विनीने विचारले.

"अर्धं."

मनस्विनीने त्या हिशेबाने नाक खाली घेऊन वेग वाढवायला सुरुवात केली. थोड्याच वेळात रॉकेट इंजिन बंद पडले. टाकी कोरडी होती. सुरमई कक्षेला जरा कमी पडली, परत हवेत घसरली आणि वाकडी होऊन जळाली.

"आई, अर्धं म्हणालात ना तुम्ही?"

"होतं अर्धं."

"नव्हतं. मागच्या आठवड्यातही असंच झालं. लक्ष नसेल लागत तर बसू नका. बळेबळे कशाला?"

मनस्विनीचा आवाज मोठा नव्हता, पण वर्गात न ऐकणाऱ्या मुलांशी ती जशी बोलत असेल तसा होता. आनंदीबाई उठली. जाताना तिचा खांदा दाराच्या चौकटीवर जोरात आपटला. खांदा चोळायलाही ती थांबली नाही.

दार काही नवे नव्हते. याच दारातून ती लग्न होऊन आल्यापासून जात-येत होती. मनस्विनी दाराकडे बघत राहिली. मला वाटते, तिचा राग तिथेच थांबला.

त्यानंतर आनंदीबाई खोलीत आली नाही. मनस्विनीनेही मला सुरू केले नाही. पण ती सासूवर नजर ठेवून होती. चहा ओतताना धार कपाच्या बाजूला पडते, बाजूला ठेवलेले स्टूल दिसत नाही, हे तिने पाहिले. मग एका संध्याकाळी तिने मला सुरू केले, पडद्यावर रिकामी शेड आणली आणि आनंदीबाईला हाताला धरून खुर्चीवर बसवले.

"मला नाही खेळायचं गो," आनंदीबाई म्हणाली.

"खेळायचं नाहीये. पडद्याच्या मधोमध बघा. नजर हलवायची नाही." मनस्विनीने खालच्या कोपऱ्यात एक लाल टाकी आणून ठेवली. "आता कोपऱ्यात काय आहे?"

आनंदीबाईने डोळे ताणले. माझ्या पंख्याचा तेवढा आवाज येत होता.

"काही नाही," ती शेवटी म्हणाली.

"आणि इकडे?"

"तिकडेही नाही. मधलं तेवढं दिसतं. कडेनं सगळं धुकं आल्यासारखं."

"कधीपासून?"

"गणपतीच्या आधीपासून असेल."

"मग बोलला का नाहीत, आई?"

आनंदीबाईने हात मांडीवर ठेवले. "माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. पूर्णगडला ओटीवर बसून असायचे. माणसं त्यांना दिवाणासारखी इकडून तिकडे हलवायची. तुला सांगितलं असतं तर तू सलिलला सांगितलं असतंस. तो जहाज सोडून आला असता. आणि तू मला आकडे विचारायचं बंद केलं असतंस."

खुर्चीशेजारी जमिनीवर बसून मनस्विनीने सासूच्या गुडघ्यावर डोके टेकले. मी यंत्र आहे. जे दिसले ते सांगतो, त्याहून जास्त मला सांगता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत-खुपत काही नाही, आणि नजर कडेकडेने विझत येते. गेली ती परत येत नाही, उरली आहे ती राखता येते, असे डॉक्टरांनी सांगितले. आणखी काही महिने काढले असते तर मधलेही गेले असते, असेही ते म्हणाले. रोजचे थेंब सुरू झाले. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया कोल्हापूरला झाली. मनस्विनीने रजा घेतली. सलिलला सगळे कळवले, पण जहाज सोडून येऊ नको हेही आनंदीबाईने फोन हातात घेऊन त्याला स्वतः बजावले.

या काळात माझ्याकडे कुणी फिरकले नाही. माझ्यावर एक जुनी चादर टाकली होती. आत मुंग्यांनी घर केले आणि पाल अंडी घालून गेली. पंख्यावर धुळीचा आणि मिठाचा थर बसला. मला त्याचे वाईट वाटले असे म्हणणार नाही. घरात त्याहून मोठे काम चालू होते.

सलिल वेळेवर सुट्टीवर आला. त्याने चादर काढली, बटण दाबले, माझा आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा गेला. नवीन लॅपटॉप घेऊ."

"आधी उघडून तर बघ," आनंदीबाई म्हणाली. "उपचार करायच्या आधी कुणाला गेलं म्हणू नये."

सलिलने मला पुन्हा चटईवर घेतले. ब्रशने धूळ झाडली, अंडी काढून टाकली, पंख्याला तेल दिले. मी चालू झालो.

मनस्विनीने खेळाची मांडणी बदलली. तेलाचा आणि उंचीचा आकडा कोपऱ्यांतून काढून तिने पडद्याच्या मधोमध, एकाशेजारी एक, मोठ्या अक्षरांत आणला. सुरमईची टाकी जराशी लांब केली. सलिल मागे उभा होता.

"आई, मी वाचतो आकडे. तू आराम कर," तो म्हणाला.

"तू बघ नुसता. तुझे आकडे तोंडात अडकतात," आनंदीबाई म्हणाली आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून बसली.

सुरमई धावपट्टीवरून अलगद उचलली. मनस्विनीने तिला फार उभे चढवले नाही. पातळ हवेत वेग घेऊ दिला. आनंदीबाईचा आवाज पूर्वीसारखाच, ना घाई ना चाचरणे. "सोळा हजार. अठरा. वीस हजार, तेल पाऊण." इंजिनांचा सूर खाली येऊ लागला. "गुदमरली गो," ती म्हणाली, आणि मनस्विनीने रॉकेट पेटवले. आकाश काळे झाले. पृथ्वीची कड वाकडी दिसू लागली. "तेल पाव. पावाच्या खाली." मनस्विनीने इंजिन बंद केले, सुरमईला तिच्या वाटेच्या माथ्यापर्यंत तरंगत जाऊ दिले आणि तिथे पुन्हा थोडेसे पेटवले. मग तिने हात उचलून मांडीवर घेतले.

"आता?" आनंदीबाईने विचारले.

"आता काही नाही. पोहोचली."

"इंजिन बंद आहे ना? मग पडत कशी नाही?"

"पडतेच आहे, आई. पण ती पडते तशी खालची जमीनही वळत जाते. म्हणून गाठ पडत नाही."

आनंदीबाई बराच वेळ बघत राहिली. खाली समुद्र सरकत होता.

सलिल म्हणाला, "राहू दे तिला अशीच वर. कायमची."

"नको," आनंदीबाई म्हणाली. "उतरव गो तिला. मला उतरताना बघायचंय. दिसतंय तोवर सगळं बघून घेते."

मनस्विनीने सुरमईला वळवले आणि उरलेले तेल जाळून तिचा वेग कमी केला. नाक वर धरून ती हवेत शिरली, पोट लालबुंद झाले, पण पंख टिकले. तेल संपले होते. उरलेली सगळी वाट ती नुसती तरंगत आली. आनंदीबाई शेवटपर्यंत उंची सांगत होती. "दोनशे. शंभर. चाळीस. टेकली."

मित्रांनो, आता मनस्विनी बहुतेक काम नव्या लॅपटॉपवर करते. मी आठवड्यातून एकदा चालू होतो. आनंदीबाईचे थेंब नियमित चालू आहेत, आणि डॉक्टर म्हणतात तिची नजर आहे तिथे थांबली आहे. मला पुसावे, माझ्या जाळीतली धूळ झाडावी, एवढी माझी अपेक्षा आहे. यंत्र बिघडले की ते तापते, आवाज करते, बंद पडते. लपवणे त्याला जमत नाही. माणसाला ते जमते. म्हणून शेजारचे माणूस एखाद्या दिवशी चुकीचा आकडा सांगू लागले, तर रागावण्याआधी त्याच्याकडे एकदा वळून बघा.