चार घड्यांचा कागद

डाखबाईंच्या हाताखालून गेलेलं मशीन सुरू झालं नाही, असं सहसा होत नसे. झालंच, तर दोष मशीनचा असे. निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं, आणि ते बदलायला जाण्याची हिंमत गल्लीत कुणी केली नव्हती. डाख म्हणजे तारा जोडायला कथील वितळवून लावतात ती ठिबक. बाई ती इतकी सुबक लावत की लोकांनी त्यांना तेच नाव देऊन टाकलं. तीस वर्षं त्या कचेऱ्याकचेऱ्यांतून कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरल्या. मग ते कॉम्प्युटर भंगारात गेले, कंपनी बुडाली, बाई निवृत्त झाल्या. हात मात्र निवृत्त व्हायला तयार होईनात. शेवटी नवऱ्याच्या शिवणदुकानामागच्या खोलीत त्यांनी आपलं टेबल मांडलं. पुढे शिंपीकाका कोट शिवत, मागे बाई चाळीस वर्षांपूर्वीची मशीनं उठवून बसवत. टेबलाच्या वर भिंतीला एक पाटी होती: आधी साफ, मग सरळ, मग सुरू.

एका सोमवारी पोस्टात टपाल निवडणारी एक बाई टॅक्सीतून उतरली. चाळिशी ओलांडलेली, डोळ्यांखाली काळं. चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर तिने लेकरासारखा छातीशी धरला होता, आणि ड्रायव्हर मागून प्रिंटर घेऊन शिव्या घालत येत होता.

"काकू, हे माझ्या आईचं. पंधरा वर्षं माळ्यावर होतं. चालेल का?"

"चालेल का असं नाही विचारायचं. कधी चालेल ते विचार."

"मग कधी चालेल?" ती म्हणाली, आणि कुणी बस म्हणायच्या आत स्टुलावर बसली.

तिचा दादा जन्मापासून ठार बहिरा. तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा, पुस्तकं बांधणारा बाइंडर. लहानपणी त्याला शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं, म्हणून आईने आणि त्याने घरातल्या घरात आपल्या खुणा तयार केल्या. जगात दोघांनाच कळणारी भाषा. ही चार वर्षांची असताना वडील गेले आणि हिला मामा-मामींनी नेलं, ती तिकडेच वाढली. दादा पुढे रीतसर हातांची भाषा शिकला, लिहायला शिकला. भावाबहिणीचं सगळं बोलणं चिठ्ठ्यांवर.

"तीन आठवड्यांपूर्वी त्याला मेंदूचा झटका आला," ती म्हणाली. "उजवा हात गेला. लिहिणं गेलं. मोठेपणी शिकलेल्या खुणाही पुसल्या गेल्या. डावा हात तेवढा हलतो, आणि त्याला आठवतात त्या फक्त आईच्या खुणा. एकच खूण करतो. कानाची पाळी धरतो, जरा ओढतो आणि मूठ मिटतो. दिवसातून शंभरदा, माझ्याकडे बघत."

"कान दुखत असेल."

"सगळ्यांना तसंच वाटलं. डॉक्टरांनी कान तपासला, धुतला. आता तिसऱ्या प्रकारचे थेंब चालू आहेत. तो थेंब घालू देतो, पुसतो आणि पुन्हा कान धरतो. गेल्या दोन दिवसांत जेवण सोडल्यात जमा आहे, आणि हातही पूर्वीइतका वर जात नाही." तिने पिशवीतून तीन फ्लॉपी डिस्क काढल्या. प्रत्येक डिस्क चौकटीच्या कागदात गुंडाळलेली. "आई कापडगिरणीत नक्षी काढायची. कचेरीने टाकून दिलेलं हे मशीन तिने घरी आणलं आणि सगळ्या खुणांची चित्रं यात काढून ठेवली. म्हणायची, माझ्यामागे कुणाला तरी लागतील. काकू, तो काहीतरी मागतोय. त्याने मागणं सोडायच्या आत मला कळायला हवं."

बाईंना एरवी गिऱ्हाइकाच्या कहाण्यांचा कंटाळा. या वेळी त्यांनी चष्मा पुसला, आणि तो चांगला दोनदा पुसला.

मंगळवार वीज पुरवणाऱ्या डब्यात गेला. फुगलेले कपॅसिटर काढले, नवे बसवले, वीज हळूहळू चढवत नेली. दुपारी पडदा हिरवा उजळला तेव्हा बाईंनी मशीनला शाबासकी दिली. मशीनशी त्या नवऱ्यापेक्षा गोड बोलत, ही काकांची जुनी तक्रार होती. प्रिंटरची वाळलेली रिबन ओली करायला पोस्टवालीने शिक्क्याची शाई आणून दिली.

बुधवारी बाईंनी डिस्क वाचणारा ड्राइव्ह उघडला. डिस्कवर मजकूर एकात एक अशा बारीक वर्तुळांवर असतो, आणि वाचणारं हेड त्या वर्तुळावर बरोब्बर उभं राहावं लागतं. केसभर इकडेतिकडे झालं की त्याला काही दिसत नाही. बाईंनी भिंग लावलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हेड सरकवणाऱ्या मोटरच्या एका पायाखाली कुणीतरी घडी घातलेला कागद खुपसला होता.

"हा कुठल्या अडाण्याचा उपद्व्याप!" त्या ओरडल्या. "अहो, बघा हो, डुगडुगणाऱ्या टेबलाखाली घालावा तसा कागद घातलाय!"

कागद चिमट्याने उपटून त्यांनी केराच्या टोपलीत भिरकावला. स्क्रू आवळले. मग कपाटातून आपली कसोटीची डिस्क काढली. ती कारखान्यात तयार झालेली, वर्तुळं तंतोतंत जागेवर असलेली, बाई तिला दागिन्यासारखी जपत. तिच्यावरून त्यांनी हेड जुळवलं. सगळं सरळ झालं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

गुरुवारी दुपारी पोस्टवाली पाळी संपवून धावत आली. बाईंनी पहिली डिस्क स्पिरिटच्या बोळ्याने हलकेच पुसली, ड्राइव्हमध्ये सारली. हेड खरखरत गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. पडद्यावर इंग्रजीत आलं: वाचता येत नाही. दुसरी डिस्क, तेच. तिसरी, तेच.

"पुन्हा एकदा करून बघा ना," पोस्टवाली म्हणाली.

"फार वेळा नाही करता येत. डिस्क जुनी झाली की तिचा लेप सुटतो. प्रत्येक वेळी हेड थोडं खरवडतं." पहिल्या डिस्कवर खरंच एक बारीक रेघ उमटली होती. बाईंनी घसा खाकरला. "डिस्क गेल्यात, बाळा. माळ्यावरच्या दमटपणाने गेल्या असतील."

पोस्टवाली रडली नाही. तिने तिन्ही डिस्क पुन्हा त्याच चौकटीच्या कागदांत, त्याच घड्यांवर गुंडाळायला घेतल्या. "तुम्ही खूप केलंत, काकू," ती म्हणाली. ते ऐकून बाईंना आणखीच वाईट वाटलं.

तेवढ्यात पुढे दुकानात काकांचा आवाज चढला. एक गिऱ्हाईक आरशासमोर कोट घालून उभं होतं. "साहेब, तुमचा डावा खांदा बोटभर खाली आहे," काका त्याला समजावत होते. "आता मी कोट सरळ शिवला तर सगळं जग म्हणेल, कोट वाकडा आहे. तुमच्यासाठी कोट वाकडाच शिवावा लागतो, तेव्हा कुठे तो सरळ दिसतो."

बाई जागच्या जागी थिजल्या.

तीन डिस्क, तिन्हींचा लेप बऱ्यापैकी शाबूत, आणि तिन्ही एकाच तऱ्हेने मुक्या? डिस्क अशा ठरवून मरत नाहीत. त्या लिहिल्या गेल्या तेव्हा ड्राइव्ह तिरका होता. वर्तुळं त्या तिरक्या जागेवर लिहिली गेली. ती वाचणारा जगात एकच ड्राइव्ह होता, आणि तो बाईंनी कालच मोठ्या ऐटीत सरळ करून टाकला होता.

"अहो, तो कागद!" त्या किंचाळल्या. गिऱ्हाईक कोटासकट दचकलं.

टोपली रिकामी होती. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. बाईंनी ती तरीही उपडी करून झटकली. मग त्या वळल्या आणि त्यांनी आयुष्यात फारशी न केलेली गोष्ट केली.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "डिस्क चांगल्या आहेत. ड्राइव्हमध्ये एक कागद होता, तो मी फेकला. मला वाटलं कुणा अडाण्याचं काम असेल. ते तुझ्या आईचं काम होतं. तिच्याकडे ना भिंग होतं, ना कसोटीची डिस्क. नुसत्या कागदाच्या घडीने तिने हेड एका जागी पक्कं बसवलं आणि त्यावर सगळं लिहिलं. मला हे साधायला महागडी उपकरणं लागतात."

पोस्टवालीने हातातल्या डिस्कवरचा कागद पुढे केला. "असा होता कागद?"

चौकटीचा, फिकट निळ्या रेघांचा. अगदी तस्साच.

बाईंनी त्यातली एक पट्टी कापली. घड्या किती होत्या? फेकताना त्यांनी मोजल्या नव्हत्या, त्या नुसत्या संतापल्या होत्या. दोन घड्यांवर काहीच आलं नाही. आठ घड्यांवर हेड बिचारं भलतीकडेच गेलं. चार घड्यांवर पडद्यावर ठिपक्यांची एक ओळ आली, दुसरी अर्धी आली आणि सगळं विस्कटलं. पण काहीतरी आलं! पोस्टवालीने बाईंचा दंड असा धरला की नंतर दोन दिवस तो दुखत होता.

"चारच आहेत," बाई पुटपुटल्या. "चारच, पण जाड होतंय. मी स्क्रू कितीही आवळला तरी कागद फुगतो. पस्तीस वर्षं दाबला गेलेला कागद मी एका तासात कुठून आणू?"

दाराशी काका उभे होते. "द्या इकडे," ते म्हणाले. "तुमच्या खात्यातलं काही मला कळत नाही, पण घडी बसवणं कळतं."

त्यांनी इस्त्री तापवली, बोट ओलं करून चुरर्र वाजवून पाहिलं. कागदाची घडी फडक्याखाली ठेवून इस्त्री दाबली आणि मनात काहीतरी मोजत उभे राहिले. बाजू पलटली, पुन्हा दाबली. कोटाच्या कॉलरला देतात तेवढी माया त्यांनी त्या नखाएवढ्या कागदाला दिली. कागद टेबलावर परत आला तेव्हा तो पत्र्यासारखा चपटा झाला होता.

बाईंनी तो मोटरच्या पायाखाली सारला, स्क्रू हलकेच आवळला आणि डिस्क घातली. या वेळी खरखर नव्हती. हेड ठरलेल्या वाटेने जाणाऱ्या माणसासारखं टिक टिक टिक करत निघालं. पडद्यावर ठिपके उतरू लागले. एक ओळ, मग तिच्याखाली दुसरी. आधी नखं दिसली, मग बोटं, मग तळहाताच्या रेषा. हिरव्या ठिपक्यांचा एक हात, पाणी पिण्याची खूण करत. खाली लिहिलं होतं: पाणी.

बाईंनी आयुष्यभरात हजारो पडदे उजळताना पाहिले होते, पण आज त्यांनी तोंडात बोट घातलं. त्या मशीनला आपली अक्षरं येतच नव्हती. त्या बाईने तीसुद्धा एकेक ठिपका मांडून काढली होती, काना, मात्रा, वेलांटीसकट. एका अक्षराला शेसव्वाशे ठिपके. आणि हातांची चित्रं किती? बाई बटण दाबत गेल्या. भूक. ऊन. भीती वाटते. पुस्तक. रागावू नकोस. दर चित्रातला हात एकाच माणसाचा होता, आधी पोराचा, पुढे पुढे थोराड होत गेलेला. वर्षानुवर्षं रोज कामावरून येऊन आईने मुलाला समोर बसवलं असेल, हात धर म्हटलं असेल आणि मोजून ठिपके टाकले असतील. बाईंना आपल्या कपाटातली कसोटीची डिस्क एकदम क्षुल्लक वाटली.

त्रेचाळिसाव्या चित्रात हात कानापाशी होता. पुढच्यात मूठ मिटली होती. खाली एरवीपेक्षा जास्त मजकूर होता, आणि पोस्टवालीला तो वाचायला वेळ लागला.

धाकटी. कडेवर घेतलं की त्याचा कान मुठीत धरायची आणि सोडायचीच नाही. हे नाव त्याने ठेवलं.

"काय मागतोय तो?" काकांनी मागून विचारलं. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

"काही मागत नाहीये," पोस्टवाली म्हणाली. "हाक मारतोय. मला हाक मारतोय, आणि मी त्याच्या कानात थेंब घालतेय."

आता ती रडली, मनसोक्त, आणि कुणी तिला थांबवलं नाही. बाईंनी तेवढ्यात प्रिंटर लावला. तो कर्कश आवाज करत पानामागून पान काढत होता, शिक्क्याच्या शाईत उमटलेले हात.

दवाखान्यात भेटीची वेळ चारची. पोस्टवालीने बाईंना जवळजवळ ओढतच नेलं. वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेवर एक मोठ्या हाडापेराचा माणूस पडला होता, गालफडं बसलेली. बहीण दिसताच त्याचा डावा हात उशीवरून निघाला. अर्ध्यावर थरथरला, थांबला, आणि कसाबसा कानापर्यंत पोचला. पाळी धरली. मूठ मिटली.

"थेंबांची वेळ झालीच आहे," नर्स बाटली घेऊन पुढे आली.

पोस्टवालीने तिला हाताने थांबवलं. कागद उघडले नाहीत, काही विचारलं नाही. ती खाटेवर वाकली आणि तिने भावाचा कान मुठीत धरला, लहान पोर धरतं तसा, घट्ट.

दादा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, त्याला स्वतःला कधी ऐकू न आलेला. बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्यांनी त्या पुसल्याही नाहीत.

मग त्याने आपला डावा हात हळूच खाली आणला आणि चादरीवर ठेवला. तीन आठवड्यांत तो हात पहिल्यांदाच स्वस्थ पडला होता. बहिणीने कान सोडला नाही.