ओटीवरून लंडनला

मी एक जुनी लोखंडी खुर्ची आहे. मित्रांनो, माझ्या पायांना आता गंज चढला आहे, पण खरवई गावातल्या एका घराच्या ओटीवरून मी तीनदा लंडनला निघाले होते. हसू नका, सांगते.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका छोट्या कारखान्यात पाइप वाकवून, त्यावर प्लास्टिकच्या पट्ट्या विणून मला घडवलं. बुधाजींनी मला बायकोसाठी, विठाबाईंसाठी आणलं. विठाबाईंनी जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून माझ्यासाठी गादी शिवली. माझ्यावर बसून त्यांनी तांदूळ निवडले, वाल सोलले आणि अख्ख्या गावाला नावं ठेवली. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. बुधाजींना माझ्याकडे बघवेना. त्यांनी मला गादीसकट माळ्यावर टाकलं.

मग एक दिवस लंडनहून लेकीचा, नेत्राचा फोन आला.

"आप्पा, पोरीचा पहिला वाढदिवस आहे. याल ना?"

"किती लांब गं?"

"सात हजार दोनशे किलोमीटर. विमानात साडेनऊ तास बसायचं, बस."

"साडेनऊ तास? माझा गुडघा तासाभरात बोंबलतो. आणि मध्ये उतरता येत नाही!"

शेजारची मालिनी ऐकत होती. "काका, टेन्शन कशाला? आधी घरीच साडेनऊ तास बसून बघा. जमलं तर तिकीट, नाही तर कॅन्सल."

तिनेच मला खाली काढून पुसलं. बुधाजी माझ्याजवळ आले. गादीवरून हात फिरवला आणि बसले.

चाळिसाव्या मिनिटाला अंगणातल्या वालाच्या वाफ्यात बकरी शिरली. बुधाजी काठी घेऊन धावले.

"काका, भर समुद्रात उतरलात!" मालिनी ओरडली.

दुसऱ्या दिवशी साडेतीन तासांत गुडघा आखडला आणि ते उठलेच.

"आता वाळवंटात. पाणी तरी प्या."

"विमानात पाय मोकळे करू देतात का गं?"

"देतात की. पण मागच्या दारापर्यंतच."

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही पुन्हा निघालो. दर दीड तासाने मागच्या दारापर्यंत फेरी. दुपारी मालिनी ताट घेऊन आली. "व्हेज की नॉनव्हेज, सर?"

"सुकट आहे?"

"या विमानात सुकट नाही!"

शेवटचे दोन तास जड गेले. तेव्हा बुधाजींनी गादी काढून मांडीवर घेतली आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून मालिनीला सांगत बसले. "हे लग्नातलं. हे नेत्राच्या बारशाचं. हे अंबरनाथच्या जत्रेत हट्टाने घेतलेलं. दिवसभर माझ्याशी बोलली नव्हती!" विठाबाईंची आठवण सांगून ते हसले, हे मी दोन वर्षांनी पाहिलं.

साडेपाच वाजले. "काका, लंडन आलं!"

"एवढ्यात?" बुधाजी म्हणाले.

बुधाजी खरंच विमानाने लंडनला गेले. जाताना गादी काखेत घेऊन गेले. वाढदिवसाला मालिनीने व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर धरला. विठाबाईंच्या गादीवर इवलीशी नात बसली होती. तोंडभर केक, आणि केकने माखलेला हात जत्रेतल्या लुगड्याच्या तुकड्यावर!

"तुझी आजी असती तर ओरडली असती," बुधाजी म्हणाले आणि पोट धरून हसले.

मित्रांनो, मी इथे ओटीवर गादीविना उघडीच आहे. पट्ट्या सैल झाल्यात, ऊन लागतं. पण मला वाईट वाटत नाही. तुमच्या माळ्यावरही कुणाची तरी खुर्ची असेल. भंगारात द्यायच्या आधी तिला खाली काढा, पुसा, आणि घरातल्या थोरांना एकदा तिच्यावर बसवा. ती कुठवर नेईल, सांगता येत नाही.