चौथ्या मजल्यावरची पिवळी टाचणी

लोकशाही ही मानवजातीने आजवर गाठलेली सर्वोच्च पायरी आहे, याबद्दल कोणाही सुज्ञ माणसाचं दुमत असू नये. पेंटरचंही नव्हतं. फक्त लिफ्ट बंद असली की ही सर्वोच्च पायरी चौथ्या मजल्यावर येते, आणि तिथे पोचेपर्यंत मत मागण्याऐवजी पाणी मागावंसं वाटतं, एवढाच त्याचा अनुभव होता.

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहने लावू नयेत' असल्याही. पुढे पाट्या यंत्रातून छापून यायला लागल्या आणि पेंटर घरी बसला. म्हणजे बसायला हवा होता, पण निवडणुका बसू देत नव्हत्या. त्याचा पक्ष इतका लहान होता, की त्यात फूट पाडायची म्हटली तरी माणसं पुरली नसती. दर खेपेला पक्ष हरे आणि दर खेपेला 'आपला नैतिक विजय झाला' असा ठराव करून चहा पिई. नैतिक विजय आता ठेवायला जागा नव्हती. साधा विजय तेवढा कधी जमला नव्हता.

पक्षाचं कार्यालय एका बंद पडलेल्या लाँड्रीत होतं. भिंतीला अजून वाफेचा वास होता आणि कपडे टांगायच्या दांडीवर आता झेंडे टांगलेले असत. समोरच्या भिंतीवर वॉर्डाचा मोठा नकाशा होता आणि नकाशावर बाईंचं राज्य होतं. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. कार्यकर्ते जोडीजोडीने दारं वाजवून आले, की बाई एकेका दाराची विचारपूस करीत आणि टाचणी टोचीत. आपल्या बाजूचं दार हिरवं. त्यांच्या बाजूचं लाल. कुंपणावर बसलेलं पिवळं. दार उघडलंच नाही, तर टाचणी नाही.

"लाल दाराशी पुन्हा जायचं नाही," बाई बजावीत. "भिंतीला शिकवणी लावून काही होत नाही. पिवळ्याकडे दुसऱ्यांदा जायचं. तरी पिवळंच राहिलं, तर उमेदवार स्वतः जाईल."

उमेदवार म्हणजे दातांचे डॉक्टर. स्वभावाने सज्जन, पण कोणी बोलायला लागलं की त्याच्या डोळ्यांकडे न बघता दाढांकडे बघत.

या खेपेला माणसं कमी होती, म्हणून एरवी इतरांकडे जाणारी ती कोपऱ्यावरची इमारत पेंटरच्या वाट्याला आली. सोबत निवृत्त पोस्टमन. "अहो, माझा जन्म दारं वाजवण्यात गेला," पोस्टमन जिन्यात धापा टाकत म्हणाला, "पण तेव्हा लोक दार उघडायला धावत यायचे. आपल्याकडे बघून लपतात हो!" तिसऱ्या मजल्यावर त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. "वर तुम्हीच जा. मी इथं थांबून खोकतो."

पेंटरला तेच हवं होतं. चौथ्या मजल्यावर त्याची ताई राहत होती.

ताई म्हणजे सख्खी थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर हिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं आणि पाटीवर त्याचा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं. जगात त्याला लहानपणच्या नावाने हाक मारणारं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि ते दोन निवडणुकांपासून त्याच्याशी बोलत नव्हतं.

झालं होतं ते असं. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, समोरच्या पक्षातर्फे उभे राहिले होते. वॉर्डातलं मैदान मोडून तिथे मोटारी लावायची इमारत उठवायची, हा त्यांच्या पक्षाचा बेत. ताईने पेंटरला बोलावून घेतलं आणि विचारलं, "घरचं मत तर नक्की ना?" यावर जगातला कोणताही शहाणा मेहुणा 'हा काय प्रश्न झाला?' म्हणून हसला असता आणि मतदानाच्या दिवशी पडद्याआड मनाला येईल ते करून आला असता. पेंटर नाकासमोर चालणारा. तो म्हणाला, "नाही ताई. मैदानाच्या विरोधात मला नाही देता येणार." एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण पक्षाने पाटी सांगितली आणि त्याने ती मनापासून रंगवली: 'मैदान की मोटारी?' पक्षाने ती नेमकी ताईच्या खिडकीसमोर टांगली.

भाऊजी थोडक्यात पडले. त्यांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही, रस्त्यात भेटले की "काय पेंटर, रंग वाळला का?" म्हणून हसत. पुढे ते भलत्याच दुखण्याने गेले. पेंटर पोचवायला गेला आणि सगळ्यांच्या मागे उभा राहिला. ताईने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. भांडणाच्या दिवशी ती एकच वाक्य बोलली होती, ते त्याच्या कानात घर करून राहिलं होतं: "अरे, खोटं तरी बोलायचं होतंस!"

तेव्हापासून पेंटरची वॉर्डात सत्यवचनी म्हणून कीर्ती झाली. तिचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. संध्याकाळी तो उगाच त्या रस्त्याने जाई, चौथ्या मजल्यावर दिवा दिसला की हायसं वाटून घेई, आणि जिन्याशी थबकून परत फिरे. वर जाऊन म्हणायचं काय? बहिणीकडे जायला कारण लागत नाही म्हणतात. तुटल्यावर लागतं.

आता कारण मिळालं होतं. छातीवर बिल्ला होता, हातात पत्रकं होती आणि पक्षाने घोटून घेतलेलं वाक्य तोंडात तयार होतं. त्याने बेल वाजवली. आत पावलं वाजली, दाराच्या भोकात क्षणभर अंधारलं, आणि आतून ताईचा आवाज आला:

"घरात कोणी नाही."

पेंटरने पत्रकं सरळ धरली. "नमस्कार. आम्ही डॉक्टरांच्या वतीने आलो आहोत. आपल्या वॉर्डाबद्दल आपलं काही म्हणणं आहे का?"

"कोणी नाही म्हटलं ना! जे नाहीत त्यांचं काय म्हणणं असणार?"

तो खाली आला तो लॉटरी लागल्यासारखा. "बरं बोलणं झालेलं दिसतंय," पोस्टमन म्हणाला. "छान झालं," पेंटर म्हणाला.

लाँड्रीत बाईंनी विचारलं, "चौथा मजला? तुमच्या बहिणीचं दार?"

खरं उत्तर सरळ होतं. दार उघडलं नाही, टाचणी नाही, पुन्हा जाणं नाही. पेंटरने नकाशाकडे पाहिलं. त्या कोपऱ्यात रिकामा कागद होता.

"पिवळं," तो म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमची ताई? आणि कुंपणावर?"

"चढायला लागली आहे."

दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर बाईंनी उलटतपासणी घेतली असती. पण हा पेंटर. त्यांनी पिवळी टाचणी टोचली. पेंटरला एखादी सुई आपल्याच अंगात शिरल्यासारखं झालं, पण दुखलं नाही, हे त्याला जास्त खटकलं.

दुसऱ्या फेरीला तो धुतलेला सदरा घालून गेला. ताई दाराआडूनच म्हणाली, "तुमचा डॉक्टर निवडून आला तर दात फुकट काढणार का?"

"तसं जाहीरनाम्यात नाही."

"मग आहे काय त्यात? मैदानच ना? जा, मैदानात जाऊन खेळा!"

"आपली तब्येत बरी आहे ना?" हे वाक्य पक्षाने घोटून घेतलेलं नव्हतं.

आतून आवाज आला, थोडा खालच्या पट्टीत: "खाली कोण खोकतंय? त्याला औषध द्या."

तेवढ्यावर पेंटर दोन दिवस तरंगत होता. टाचणी पिवळी ती पिवळीच राहिली. आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

डॉक्टर लाँड्रीत आले, नकाशासमोर उभे राहिले आणि त्यांचं लक्ष त्या कोपऱ्याकडे गेलं. "हे... हे तर त्यांच्या माजी उमेदवाराचं घर! तिथं पिवळं?" त्यांना एवढा आनंद पेंटरने कधी पाहिला नव्हता, एकदम चार अक्कलदाढा सापडल्यासारखा. "अहो, त्यांच्या पत्नीच आपल्याकडे वळतायत म्हटल्यावर राहिलं काय! उद्या सकाळी मी स्वतः जातो. फोटोग्राफर घेऊ. दहापंधरा माणसं घेऊ. दारातच हात जोडलेला फोटो!"

"दहापंधरा माणसं आहेत कुठं आपल्याकडे?" पोस्टमन म्हणाला.

"झेंडे जास्त घेऊ."

पेंटरला दिसलं ते असं: ताई केस न विंचरता, चष्मा कपाळावर सरकवून दार उघडते आहे, समोर झेंडे, दाताचा डॉक्टर आणि कॅमेरा, आणि भाऊजींच्या दारात, भाऊजींच्या माघारी, दुसऱ्या पक्षाचे लोक 'आल्या, आल्या' म्हणून टाळ्या पिटत आहेत. एकदा त्याच्या खरेपणाने तिचं घर जगासमोर टांगलं होतं. आता त्याचा खोटेपणा तेच करायला निघाला होता. पण सांगून टाकलं की टाचणी जाणार, आणि टाचणीबरोबर ते दार.

"तो पिवळा रंग खोटा आहे," पेंटर म्हणाला.

"म्हणजे फिकट लाल?" डॉक्टरांनी आशेने विचारलं.

"टोमॅटोसारखा. तिनं दारच उघडलेलं नाही. मला पुन्हा जायला मिळावं म्हणून मी सांगितलं."

डॉक्टर खाली बसले. बाई उठल्या. "पेंटर, अहो, गणितावर ठेवावा तसा मी तुमच्यावर विश्वास ठेवला!"

"बाई," पेंटर खाली मान घालून म्हणाला, "गणितातसुद्धा हातचा ठेवतात."

"ठेवतात. पण तो शेवटी मिळवायचा असतो. नुसता हातात धरून बसणाऱ्याचं उत्तर चुकतं, हे मी कितीजणांना सांगू?" त्यांनी पिवळी टाचणी उपटली आणि तिथे लाल टोचली. "आता पक्षातर्फे त्या दाराशी कोणीही जायचं नाही. डॉक्टर, तुम्हीही नाही. आणि तुम्ही काय बघताय पेंटर? पक्षातर्फे म्हटलं मी."

पेंटरने बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "राजीनामा?" पोस्टमन दचकला, माणूस आधीच कमी होता. "नाही हो. येतो तासाभरात."

त्या दिवशी जिना फार लांब वाटला. हातात पत्रकं नसली की हात कुठे ठेवायचे हे कळत नाही, असं त्याच्या लक्षात आलं. मतदाराला काय म्हणायचं ते पाठ होतं. बहिणीला काय म्हणायचं ते पक्षाने शिकवलं नव्हतं. पायरीपायरीवर तो एकेक वाक्य जुळवत गेला आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत निदान मोठं तरी भाषण तयार झालं. त्याने बेल वाजवली. दाराच्या भोकात अंधारलं.

"आज एकटाच? तो खोकणारा कुठाय?"

"आज पक्षातर्फे नाही आलो."

"मग कुणातर्फे?"

पेंटर भाषणातलं पहिलं वाक्य शोधत होता. ते दुसऱ्या मजल्यावर राहिलं होतं. "मी आलोय, ताई," तो म्हणाला.

साखळी वाजली. दार उघडलं.

ताई बारीक झाली होती. तिच्यामागे भिंतीवर भाऊजींचा फोटो होता, निवडणुकीसाठी काढलेला तोच. दुसरा बरा फोटो नसावा. फोटोत ते अजून हात जोडून मत मागत होते.

"बघतोस काय? आत ये. हवा येते." तिने खुर्चीवरचे कपडे उचलून त्याला जागा केली. "येणार का तुझा डॉक्टर निवडून?"

"नाही."

"मग कशाला जिने झिजवतोस?"

"कुणीतरी विचारत फिरायला हवं, ताई. आणि..." त्याने टाचणीची सगळी हकीकत सांगितली. काही गाळलं नाही. डॉक्टरांचा फोटोग्राफरही नाही. ताई कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. मग तिचा हात थांबला.

"तू खोटं बोललास?"

"बोललो."

"चारचौघांत?"

"नकाशासमोर."

"मेल्या, मग तेव्हा काय धाड भरली होती? तेव्हा एक शब्द खोटा बोलला असतास तर..." तिने तीच घडी मोडून पुन्हा घातली.

"तेव्हा मत विचारलं होतंस," पेंटर म्हणाला. "ते मला अजूनही खोटं सांगता येणार नाही."

"माहीत आहे." ती फोटोकडे बघत होती. "हे म्हणायचे, त्यानं तोंडावर सांगितलं, बाकीच्यांनी पाठीमागून केलं. मला राग येई ऐकून." मग एकदम वळून, "आणि त्या पाटीवर 'मोटारी'तल्या 'ट'चं पोट किती सुटलं होतं! निवडणूक गेली तरी पाटी लोंबत होती तिथं महिनाभर. रोज बघत होते मी. हेच शिकवलं होतं का तुला?"

"घाईत झाली."

"घाईत म्हणे."

खालून कुणाच्या तरी प्रचाराची गाडी ओरडत गेली. कुठल्या पक्षाची ते दोघांनीही ऐकलं नाही. पेंटरला वाटलं, आता बोलावं. एवढ्या वर्षांत संध्याकाळी रस्त्यावर उभं राहून, दिव्याकडे बघत जे काही साचलं होतं, ते सगळं आता, या खुर्चीवर, एकदाचं. त्याने घसा साफ केला. हात गुडघ्यांवर ठेवले.

"ताई, मला तुला इतकंच सांगायचंय, की गेली इतकी वर्षं..."

"ते राहू दे," ताई स्वयंपाकघराकडे जात म्हणाली. "जाताना ती कचऱ्याची पिशवी तेवढी खाली ने. आणि बुडाला हात लावून धर, गळते."