परत आणता येईल अशी बोट

बंदरावर तिला सगळे टकटकबाई म्हणत. कुणाला जुनी बोट विकत घ्यायची असली की आधी हिला बोलावणं यायचं. छोटी हातोडी घेऊन ती बोटीच्या अंगावर इंचाइंचानं टकटक करत फिरायची. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर आत पाणी मुरलंय समजायचं. घरात मात्र ती अजून धाकटीच होती. केस पांढरे झाले तरी दादा तिला ‘धाकटे’ म्हणूनच हाक मारायचा.

हा दादा दातांचा डॉक्टर. आदल्या वर्षी त्याच्या हृदयाची झडप बदलली. बरा झाल्यावर त्यानं दवाखाना विकला आणि घरात जाहीर केलं की आता बोट घ्यायची आणि वर्षभर समुद्रावर राहायचं, नवरा-बायको दोघांनीच. कॉलेजात असताना तो शिडाच्या बोटींच्या शर्यती मारायचा. पुढं लोकांच्या दाढा उपटण्यात आयुष्य गेलं, पण शर्यत काही डोक्यातून गेली नव्हती. त्यामुळं साधी डुलत जाणारी बोट त्याला नको होती. वेगानं पळणारी हवी, आणि आत राहता, झोपता, स्वयंपाक करताही आला पाहिजे.

अशा तीन बोटी विक्रीला होत्या. त्यांची कागदपत्रं घेऊन तो वहिनीसह धाकटीच्या कामाच्या खोलीवर आला. धाकटीनं पाच मिनिटांत ओळखलं की एक बोट त्यानं मनात आधीच वरलेली आहे आणि बाकीच्या दोन नुसत्या दाखवायला आणल्यात. बहिणीनं मान डोलवावी, एवढ्यासाठीच तो आला होता. ती म्हणाली, तिन्ही पाण्यात चालवून बघू, मग बोलू. त्यानं तोंड वाकडं केलं, पण तो कबूल झाला.

वहिनी सगळा वेळ गप्प होती. एरवी ती गप्प बसणारी नव्हे. तिची गाडी शिकवण्याची शाळा होती. अर्धं आयुष्य तिनं शिकाऊ लोकांच्या शेजारी, स्वतःच्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून काढलं होतं. दादाही तिच्याकडेच गाडी शिकायला आला होता. लग्न झालं, पण गाडी त्याला आजही उलटी लावता येत नाही, असं ती चारचौघांत सांगायची. दादा कागद आवरत होता तेव्हा ती कप विसळायच्या निमित्तानं धाकटीच्या मागोमाग आत आली आणि नळ सोडून हळूच म्हणाली,

“एकच विचारते. मध्येच त्याला काही झालं, तर मी ती बोट परत आणू शकेन का?”

धाकटीनं आजवर शेकडो लोकांना बोटी निवडून दिल्या होत्या. वेग, वजन, शिडाचं माप, पाण्याची टाकी, सगळं तिला विचारून झालं होतं. हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता.  बघू, एवढंच ती म्हणाली, आणि वहिनीनं तेवढ्यावर नळ बंद केला.

पहिली बोट म्हणजे तरंगता बंगला. वहिनीला हीच आवडणार असं सगळ्यांनी धरून चाललेलं. विकणारा माणूस तर तिला शिडाजवळ नेईचना. ओव्हन बघा, फ्रीज बघा, हे कपाट बघा, दार कसं आवाज न करता मिटतं बघा! त्याला वाईट वाटू नये म्हणून वहिनीनं कपाटाचं दार दोनदा उघडमिट केलं. बाहेर पडल्यावर लाटा जरा आखूड होत्या. बोटीचं रुंद, सपाट पोट प्रत्येक लाटेवर धाडकन आपटायचं आणि आतल्या कपबश्या खडखडायच्या. धाकटीनं वहिनीला चाक धरायला दिलं. ती ते डावीकडे फिरवायची, बोट मात्र जरा विचार करून मग वळायची. वहिनीचा चेहरा हळूहळू भेंडीसारखा हिरवा झाला. परत येताना तर वाऱ्यानं त्या उंच भिंतींना असा रेटा दिला की विकणाऱ्यालाच ती धक्क्याला लावताना घाम फुटला.

जमिनीवर पाय टेकल्यावर वहिनी म्हणाली की घर सोडून निघायचं आणि पुन्हा घरातच कोंडून बसायचं, तर मग आपलं घर काय वाईट आहे? दादाला हसू लपवता आलं नाही. एक सवत आपोआप बाद झाली होती.

दुसरी त्याची लाडकी. अरुंद, काळ्या डोलकाठीची, पाण्यात सुरीसारखी. मालक परगावी होता. दाखवायला आलेल्या दलालाला शिडातलं ओ की ठो कळत नव्हतं, तो एका कोपऱ्यात दोन्ही हातांनी कठडा धरून बसला. पण बोट! शीड भरलं आणि ती अशी सुटली की धाकटीही तपासणी विसरून बघत राहिली. दादा चाकाशी उभा होता, पाय फाकवून, केस उडताहेत, चेहऱ्यावरची ऑपरेशननंतरची ती राखाडी छटा कुठल्या कुठे गेलेली. असा दादा तिनं किती वर्षांत बघितला नव्हता. हीच घेऊ दे त्याला, असं क्षणभर तिच्या मनात आलं.

मग ती तळाच्या फळ्या उचलून आतले बोल्ट तपासायला खाली उतरली, आणि नेमका तेव्हाच वारा वाढला. शीड लहान करायला हवं होतं. या बोटीवर ते काम डोलकाठीपाशी जाऊनच करावं लागे, कारण ती सहा-आठ जणांनी पळवण्यासाठी बांधलेली होती. दादानं चाक वहिनीच्या हातात दिलं, “सरळ ठेव फक्त” असं म्हणाला आणि पुढं गेला. दोर अडकला. तो हिसके देत राहिला. तेवढ्यात वाऱ्याचा जोराचा झोत आला, बोट एका कुशीवर कलंडली आणि वहिनीनं चाक कितीही फिरवलं तरी तोंड वाऱ्याकडे वळवून थरथरत उभी राहिली. शीड चाबकासारखं फडफडायला लागलं. वहिनीला सरळ ठेवणं म्हणजे काय, हेच कळेना. धाकटी धावत वर आली आणि तिनं शिडाचा दोर सोडून दिला. बोट सरळ झाली. दादा डोलकाठीला मिठी मारून गुडघ्यांवर बसला होता, धापा टाकत.

त्याला झालं काहीच नव्हतं. नुसता दम लागला होता. पण दलाल धक्का येताच सगळ्यांच्या आधी उडी मारून उतरला.

घरी जाताना गाडी अर्थात वहिनीच चालवत होती. दादानं थोड्या वेळानं सुरुवात केली. दोर जुना होता, दोर बदलला की झालं. धाकटी मागच्या सीटवरून म्हणाली की प्रश्न दोराचा नाही. त्यावर तो चिडला. मला पेशंट समजणं बंद करा, म्हणाला, वर्षभर तेच चाललंय, जिना चढलो तरी तुम्ही दोघी श्वास मोजता. आणि मग वहिनीकडे न बघता म्हणाला की तुला पाण्याचीच भीती वाटते, तर तसं सरळ सांग, आपण नाही जायचं.

वहिनीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. हातातलं स्टिअरिंग मात्र तिनं सोडलं नाही.

“मला पाण्याची भीती नाही वाटत,” ती म्हणाली. “तू ऑपरेशनच्या टेबलावर होतास तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून होते. तिथं मला करण्यासारखं काहीच नव्हतं. तसं पुन्हा बसायचं नाही मला. समुद्राच्या मध्यावर तर नाहीच.”

दादानं मान काचेकडे वळवली. मग त्यानं विचारलं, हे आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, तू इतका खूश होतास.  मग तिनं गाडी सुरू केली.

पुढच्या काही दिवसांत दादानं बोटीचा विषय काढला नाही. धाकटीला वाटलं, बारगळलं. भावाचा तो वारा प्यालेला चेहरा आठवून तिला वाईट वाटत होतं, आणि आपणच पहिल्या दिवशी वहिनीचं म्हणणं त्याच्या कानावर घालायला हवं होतं का, असंही वाटत होतं. अशातच एका सकाळी वहिनी एकटीच बंदरावर हजर झाली. पायात जुने बूट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल.

“वन्सं,” ती म्हणाली. ‘वन्सं’ ती फक्त काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असलं की म्हणायची. “मला शिकव.”

धाकटीनं तिला आपल्या लहानशा, उघड्या होडीत घातलं. एक शीड, एक सुकाणूचा दांडा, बस. शिकवणारी माणसं शिकायला बसली की फार वाईट विद्यार्थी होतात, हे तिथं सिद्ध झालं. वहिनीचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक शोधायचा. दांडा डावीकडे लोटला की बोट उजवीकडे वळते, हे तिला अपमानास्पद वाटलं. दोनदा ती पाण्यात पडली. दुसऱ्यांदा वर आली ती हसतच, आणि म्हणाली की तिच्या विद्यार्थ्यांनी हे बघितलं असतं तर फी परत मागितली असती. पण हळूहळू तिचा हात बसला. वारा गालाला कुठून लागतो यावरून ती दांडा सोडायला, ओढायला लागली. दादाला तिनं सांगितलं होतं की धाकटीकडे जाते, तिला मदत करते. तिचे ओले बूट बाल्कनीत वाळताना त्याला रोज दिसायचे. त्यानं विचारलं नाही. एक दिवस मात्र आपणहून त्यानं धाकटीला फोन केला आणि म्हणाला, ती तिसरी राहिलीय ना, बघूया का?

तिसरी बोट एका निवृत्त हेडमास्तरांची होती. ते ती एकटे चालवत. त्या सुरीसारख्या बोटीइतकी वेगवान नव्हती, पण हलकी होती, सडपातळ होती. चाक नाही, दांडाच. सगळे दोर मागं, बसायच्या जागेपाशी आणलेले. शीड लहान करायला जागचं उठावं लागत नव्हतं. आत जागा बेताची. दादाचं डोकं छताला दोनदा आपटलं. धाकटीनं टकटक केली तेव्हा डेकवर एका ठिकाणी आवाज बद्द आला. हेडमास्तरांचा चेहरा पडला. तिनं स्पष्ट सांगितलं की इथं पाणी मुरलंय, दुरुस्त होईल, पण काम निघेल.

मग ते बाहेर पडले. अर्धा वेळ दादानं बोट चालवली आणि त्याच्या भुवया वर जात राहिल्या, कारण ती दिसत होती त्यापेक्षा बरीच चपळ होती. बंदर परत दिसायला लागलं तसं धाकटीनं त्याच्या हातातून दांडा काढून घेतला.

“दादा, आता तू आजारी आहेस. खाली जाऊन पड. काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही.”

तो काही बोलणार होता. पण वहिनी तोवर त्याच्या जागेवर बसली होती, आणि बसण्याची तिची ती पद्धत बघून तो गुपचूप खाली उतरला. धाकटीनंही हात मांडीवर ठेवले. हेडमास्तर शाळेत परीक्षेच्या वेळी बसत तसे ताठ, गप्प बसले.

वारा धक्क्याला आडवा होता. वहिनीनं शीड लहान केलं, हेडमास्तरांनी निघताना दाखवलं होतं तसं इंजिन सुरू केलं, शीड पूर्ण उतरवलं. एकेक काम ती पुटपुटत करत होती, पूर्वी शिकाऊ मुलांना सांगायची तशी. जागेजवळ पोचताना वाऱ्यानं बोटीचं नाक ढकललं. हेडमास्तर अर्धवट उठले. धाकटीचे हात मांडीवरून सुटत होते, ते तिनं पुन्हा दाबून धरले. वहिनीनं जागा डोळ्यांनी मोजली, मान हलवली आणि बोट सरळ बाहेर काढून पुन्हा लांब वळसा घेतला.

“नाही जमलं की फिरून यायचं,” ती स्वतःशीच म्हणाली. “घाई कुणाला आहे?”

दुसऱ्या खेपेला ती वारा येत होता त्या बाजूनं आली, हळू, आणि वाऱ्यालाच बोट धक्क्याकडे ढकलू दिली. थोडं खरचटल्याचा आवाज झाला. तिनं आधी मागचा दोर टाकला, मग पुढचा, गाठ मारली आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

दादा खालून वर आला. छोट्या गोल खिडकीला कपाळ टेकवून त्यानं सगळं बघितलं होतं, तिच्या कडेची खूण कपाळावर उमटली होती. तो तिच्याशेजारी बसला. हेडमास्तरांना उद्देशून म्हणाला की ते डेकचं काम आम्ही करून घेऊ. मग वहिनीकडे वळून विचारलं, “मला ठेवशील ना बरोबर? खलाशी म्हणून?”

“दोर नीट गुंडाळायला शिकलास तर बघू,” वहिनी म्हणाली.  तिनं त्याचा हात घेतला आणि दांड्यावर, आपल्या हाताशेजारी ठेवला.

डेकच्या दुरुस्तीत बरेच दिवस गेले. तेवढ्या काळात दोघांची बोटीच्या नावावरून भांडणं झाली, गादीच्या जाडीवरून झाली, किती पुस्तकं न्यायची यावरून तर अबोलाही झाला. वारे स्थिरावले तशी एका लख्ख सकाळी बोट निघाली. धाकटीनं धक्क्यावरून शेवटचा दोर सोडून आत फेकला. दादा वहिनीशेजारी उभा राहून दोर ओढत शीड वर चढवत होता, मध्ये थांबून, सावकाश, श्वास घेत, आणि दांडा वहिनीच्या हातात होता. बंदराच्या तोंडाशी वारा लागला. बोट किंचित कलली, पाणी तिच्या कुशीवरून सळसळत गेलं, आणि पहिल्या लाटेवर ती हलकेच चढली.