मामाचा लॅपटॉप, दाजींचे टॅब

भगवानराव हे माझे दाजी. म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, वनमालाक्काचे मालक. गावच्या राजकारणात त्यांचं वजन आहे, पोटात आहे आणि बोलण्यात तर विचारूच नका. या माणसाचं नाक मला कापायचं होतं. का, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी भाची वर्षाराणीचा इंजिनिअरिंगला नंबर लागला. दाजींनी उमापूरकडच्या आपल्या गावात मांडव घातला, माइक लावला, सत्कार ठेवला. लॅपटॉप मामाचा, असं मी आधीच बोलून बसलो होतो. पण माझं धारूरला वेल्डिंगचं दुकान. नवा लॅपटॉप ऐपतीबाहेरचा. मग ऑनलाइन रिफर्बिश्ड घेतला. म्हणजे कुणीतरी वापरून सोडलेला, पण कंपनीनं उघडून, दुरुस्त करून, वॉरंटी देऊन पुन्हा विकलेला. निम्म्याहून कमी किमतीत पडला. आधीच मागवून मी स्वतः चालवून पाहिला होता. एकदम मक्खन चालत होता.

आहेर माइकवर वाचून दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. दाजींनी लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला आणि खालचं हिरवं स्टिकर वाचलं.

"रिफर्बिश्ड! आरं, मामानं भाचीला सेकंडहँड माल आणलाय! कुणाचं उष्टं हाय बे हे, शहादेव?"

मांडव हसला. वर्षाराणी तेवढी हसली नाही. आक्का पदर सावरत आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. आमचे आईवडील कधीच गेले. तिचं माहेर म्हणजे मी एकटा. पंगतीत मी वरणभात नुसताच कालवत बसलो. तेवढ्यात दाजी शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "खरंच एवढ्या कमीत मिळतंय का बे? साइट कोणती म्हनला?"

दाजीला नाही कसं म्हणायचं? सांगितली साइट. मनात मात्र म्हटलं, येऊ द्या तुमचाही दिवस.

तेव्हापासून दुकानात लोखंड तापवलं की मला दाजी आठवायचे. बायको म्हणायची, सोडा आता. सोडा म्हणे! राग ही काय हातातली पिशवी आहे, ठेवली खाली की झालं?

यंदा दाजींचा पन्नासावा वाढदिवस. गावभर बॅनर लागले: 'भगवानरावांच्या वाढदिवसानिमित्त विद्यार्थिनींना नवे कोरे टॅब.' या नव्या टॅबसाठी त्यांनी गावातून वर्गणी फिरवली होती. किराणावाले, मुकादम, बाजारात फळं विकणारे रहमतुल्लाभाई, कुणालाच सोडलं नव्हतं. आक्काचा फोन आला, "मेहुण्यानं फेटा बांधायचा असतोय. तुलाच यावं लागतंय."

गेलो. दारातल्या मांडवात, माइकसमोर फेटा बांधला. बांधताना जरा जास्तच आवळला. आक्का आतून टॅब मांडलेलं ताट घेऊन आली आणि सगळ्यात वरचा टॅब माझ्या हातात देत म्हणाली, "पयल्या पोरीला तू दे."

टॅबला प्लास्टिकचं कव्हर होतं, एका कोपऱ्यात नीट बसलेलं नव्हतं. ते बसवावं म्हणून मी टॅब उलटा केला, तर कडेनं हिरवं काहीतरी दिसलं. कव्हर सरकवलं. तेच स्टिकर, त्याच साइटचं. रिफर्बिश्ड. खाली 'सी ग्रेड', म्हणजे त्यातलाही सगळ्यात हलका माल.

अंगावर काटा आला, तो आनंदाचा. माइक समोरच होता. पण पुढचंही दिसत होतं. बोललो तर या घराचं दार मला बंद होणार, आणि आक्काच्या दारात माहेरचं माणूस म्हणून कुणी उरणार नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. तेवढ्यात दाजीच माइकवर म्हणाले, "आता आमचे मेहुणे दोन शब्द बोलतील."

आयतंच चालून आलं. सोडतो होय!

"दाजींनी मला एक गोष्ट शिकवली," मी म्हणालो. "दिलेला माल कसला हाय, ते माइकवर वाचून दाखवायचं असतंय. तर वाचतो. रिफर्बिश्ड, सी ग्रेड."

मांडवातल्या सगळ्या माना दाजींकडे वळल्या.

"जुनं घेणं पाप न्हाई. साइट मीच सांगितलीय त्यांना. पर माझ्या लॅपटॉपवर ह्यांनी अख्खा मांडव हसवला, अन् स्वतः वर्गणी नव्याची घेऊन माल जुना आणला. हे कुणाचं उष्टं हाय, दाजी? अन् उरलेली वर्गणी कुणाच्या पोटात हाय?"

लोकांनी ताटातले बाकीचे टॅब उलटे करून कव्हरं सरकवली. त्यांच्यावर स्टिकर नव्हतं, पण खरडल्याचे पांढरे डाग होते. रहमतुल्लाभाई उभे राहिले. "भगवानराव, आमी बी नव्याचेच पैसे दिलेत. हिशोब बोला."

फेट्याखालून दाजींना घाम फुटला. हिशोब राहिला बाजूला, ते माझ्यावरच उसळले.

"शहाद्या, पुन्हा ह्या घराची पायरी चढायची न्हाई!"

खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. पण लगेच आक्का आठवली, आणि मी मागच्या दारानं चुलीकडे गेलो, तिचे पाय धरायला.

आक्का वरण ढवळत होती.

"आक्का, तुझं माहेर तोडलं मी."

"कुनी तोडलं?" ती म्हणाली. "तुला पायरी बंद केली. मला धारूरची एसटी बंद केलीय का?"

मग तिनं हात पुढे केला. नखं पार झिजली होती. "स्टिकर खरडायला मलाच बसवलं होतं. समदी खरडली. एक ठेवलं."

"कावून?"

"माझ्या माहेराला हसले ते. भर मांडवात."

बाहेर आवाज चढत चालले होते. कुणीतरी दाजींच्या नावानं ओरडत होतं. आक्कानं पदर खोचला, वरणाची बादली उचलली.

"आता पंगत बसंल," ती म्हणाली. "एकेकजण त्यांना इचारंल. मी वाढीत वाढीत ऐकते."