लोखंडातले बुडबुडे

मांजरसुंब्याच्या फाट्यावर राधाकिशनचं वेल्डिंगचं दुकान. गडी पन्नाशीला टेकला, पण खोड्या काही सुटल्या न्हाईत. गेल्या साली त्यानं रामहरी मुकादमाचा स्टीलचा गिलास टेबलालाच वेल्ड करून ठिवलता. रामहरी उपटतोय, अन् सगळा धाबा पोट धरून हसतोय.

म्हणूनच आज पंचाईत झाली.

रामहरीची टोळी ऊसतोडीला निघालती. ट्रॉलीत बाया, लेकरं, कोंबड्या. ट्रॉलीचा तुटका हूक जोडून देऊन राधाकिशन जेवायला बसला, तर बायको वनमाला म्हणाली, "खंडेनवमीला तुमच्या वेल्डिंगच्या सळ्यांची बी पूजा केली बरं. पुडा उघडून चांगलं पाणी शिंपडलं."

पुड्यावरचं कुंकू त्यानं पाहिलंतं. पाणी कुठं दिसतंय? अन् हूक त्याच सळ्यांनी जोडलता. तो तसाच उष्ट्या हातानं पळाला.

"रामहरी, उतर. हूक तडकंल."

"आता काय चिकटवतो बे?" रामहरीनं ट्रॅक्टरवरून उतरून जोडावर हातोडा हाणला. ठण्ण. "दगडावानी हाय की."

"आज ऱ्हाईल. उद्या घाटात जाईल."

ट्रॉलीतून रामहरीची बायको भिवराबाई बोलली, "भावजी, लेकरांच्या जिवावर थट्टा नगं."

राधाकिशनला पयल्यांदा कळलं, खरं बोलायला बी पत लागती. तो घरातून टाचांना लावायची ग्लिसरीनची बाटली घेऊन आला, काचेच्या गिलासात ओतली. त्याच ओल्या सळीनं लोखंडाच्या तुकड्यावर टाका मारला, पाण्यात विझवला, पुसून गिलासात सोडला.

लोखंडातून बारीक बुडबुडे निघाय लागले. थांबता थांबंनात.

"अगं बया," भिवराबाई वाकली, "लोखंड श्वास घेतंय."

"सळीच्या पाण्यातला हायड्रोजन हाय तो, वहिनी. लोखंड तापलं की आत शिरतो. इतका बारीक, की चाळणीतून पीठ जावं तसा आतल्या आत फिरतो. थोडा निघून जातो, थोडा सांदीकोपऱ्यात अडकून बसतो. तिथं दाटी झाली की दुसऱ्या दिशी जोड फुटतो."

रामहरीनं ट्रॅक्टर बंद केला. "मंग कर काय करायचं ते."

राधाकिशननं जुना जोड घासून काढला. सळ्या वाळवायला धाब्यावाल्या सिदूची तंदूर गाठली.

"माझ्या तंदुरीत रोट्या भाजत्यात, सळ्या न्हाई," सिदू म्हणाला.

"मंग एक बाजू रोट्याची, एक सळ्याची."

खडखडीत वाळलेल्या सळ्यांनी, हूक आधी तापवून, त्यानं नवा जोड मारला अन् गरम राखंत पुरून ठिवला. निवांत थंड होऊ दे, आत असंल तो हायड्रोजन बी निघून जाऊ दे. टोळीनं तिथंच चुली मांडल्या.

सकाळी हूक लावला. भिवराबाई म्हणाली, "भावजी, घाट उतरंपर्यंत तुमी बी बसा."

बसला. मांडीवर कोंबडी, दोन्ही बाजूंनी लेकरं. प्रत्येक वळणाला त्याचा डोळा हुकावर. पायथ्याला राधाकिशन उतरला. रामहरीनं बी उतरून जोडावरनं अंगठा फिरवला. केसाएवढी बी चीर न्हवती. त्यानं मान डोलावली अन् ट्रॅक्टर पुढं हाकला.

परतीला एक बी जीप थांबंना. राधाकिशन शीळ घालत घाट चढून आला.