न वापरलेली खोली

लीना आमच्या संस्थेची अध्यक्ष झाली तेव्हापासून मला तिच्या रुमालाची शिसारी आली आहे. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. दर शनिवारी ती तो बोटाला गुंडाळते, बेघर लोकांना आम्ही कमी भाड्याने दिलेल्या खोल्यांमध्ये शिरते आणि खिडकीच्या चौकटीवरून, शेगडीखालून, नळाच्या मागून फिरवते. रुमाल मळला की वाईट शेरा. तीन शेरे झाले की खोली गेली.

ही खोड कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे. लीनाचा नवरा आणि माझा जयंत, दोघेही हवाई दलातले; बदल्यांच्या शेवटी चंदीगडला आले आणि इथेच निवृत्त झाले. आम्हा फौजी बायकांचा अर्धा जन्म सरकारी क्वार्टर सोडण्यात जातो. सोडताना 'मार्च-आउट' होतो. माणूस येऊन खिळे, नळ, काचा तपासतो, आणि घर असं परत करायचं असतं की इथे कधी कोणी राहिलंच नव्हतं. पण आम्हाला पुढचं क्वार्टर असायचं. इंडस्ट्रियल एरियामागच्या या इमारतीतल्या लोकांना पुढे फक्त फुटपाथ आहे. बैठकीत मी हे बोलले, तर लीना म्हणाली, शिस्त हवी गं स्मिता, नाहीतर उकिरडा करतील. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळी नाकाने कांदे सोलणारी.

कमलेशला खोली मिळाली दिवाळीच्या सुमारास. आजारी नवऱ्याला घेऊन ती हिसारहून इथल्या मोठ्या इस्पितळात आली होती. तो गेला, सासरच्यांनी दार लावून घेतलं, आणि ती इस्पितळाबाहेरच्या शेडखालीच राहू लागली. आता ती एका शोरूममध्ये साफसफाई करायची आणि भाडं वेळेवर द्यायची. तिच्या खोलीतून लीनाचा रुमाल नेहमी पांढराच बाहेर यायचा. बघ, शिकवलं की शिकतात, असं लीना मला ऐकवायची.

जानेवारीत एका सकाळी मी ब्लँकेटं वाटायला गेले. धुकं असं की जिना दिसेना. कमलेश स्वतःच्या बंद दाराबाहेर, गॅलरीत पोतं पसरून झोपली होती. आत पलंग, गादी, सगळं. मी तिला हलवून उठवलं आणि चांगली फैलावर घेतली. ती हळूहळू बोलली. पलंगावर झोपलं की चादर चुरगळते. स्वयंपाक केला की भिंतीवर तेल उडतं. म्हणून ती गुरुद्वारात लंगरला जेवून यायची आणि दाराबाहेर निजायची. खोली हातची जाऊ नये म्हणून ती खोलीत राहतच नव्हती.

घरी येऊन मी लीनाला फोन केला आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. वाटलं, शरमेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

शनिवारी ती श्यामसुंदरजींना घेऊन आली. हे आमचे मोठे देणगीदार, इंडस्ट्रियल एरियाच्या फेज टूमध्ये त्यांचा कारखाना आहे. त्यांनी खोली पाहिली. संस्थेने दिलेल्या पातेल्यावरचं स्टिकर तसंच होतं, सिलिंडरचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. यहाँ तो कोई रहता ही नहीं, ते म्हणाले, किसी जरूरतमंद को दीजिए. लीनाने लगेच मान हलवली. न वापरलेली खोली परत घ्यायची, हा आपला नियमच आहे, असं ती मला मराठीत म्हणाली, कमलेशला कळू नये म्हणून.

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, ते हेच. रुमालही हिचा, नियमही हिचाच. त्या स्वच्छ हातांकडे मला बघवेना.

कमलेशला कळायचं ते कळलं. तिने ओढणीच्या गाठीतून चावी काढली आणि ओट्यावर ठेवली.

"देख लो जी. मैंने कुछ छुआ नहीं."

पाहुण्यांच्या चहासाठी खाली ऑफिसात दुधाची पिशवी आणली होती. मी ती वर घेऊन आले. सिलिंडरचं सील ओढून तोडलं, रेग्युलेटर बसवला, पातेलं ठेवलं आणि गॅस मोठा केला. लीना विचारत राहिली, काय करतेयस. दूध वर आलं, काठावरून उतू गेलं, शेगडीवर करपलं, ओट्यावरून जमिनीपर्यंत ओघळलं. श्यामसुंदरजींनी नाकाला हात लावला.

"लीना, पंचकुल्याच्या तुझ्या घराच्या वास्तुशांतीला दूध उतू जाऊ दिलंस, तेव्हा बोटाला रुमाल होता का?"

ती लाल झाली. श्यामसुंदरजींनी विचारलं, हे काय. मी सांगितलं, आमच्यात नव्या घरात राहायला आलं की असं करतात. ही बाई आजपासून इथे राहते आहे. ते ओट्याकडे बघत म्हणाले, ठीक है, रहने दीजिए. लीनाने ओट्यावरची चावी उचलून माझ्या हातावर आपटली आणि ती त्यांच्या मागोमाग जिना उतरली.

मी चावी कमलेशच्या मुठीत दिली. घर तुझं आहे, झोप, जेव, भिंती पिवळ्या कर, म्हटलं. तिने मान डोलावली. पण तिचा दुसरा हात ओढणीचं टोक घेऊन ओट्यावरच्या दुधाकडे चालला होता, आणि मी धरूनही तो थांबत नव्हता.

"मैडम," तिने विचारलं, "अब साफ कर दूँ?"